आठ हार्ड डिस्क, एकच एसएमपीएस: लाईट आल्यावर दोन डिस्क गायब, आणि आता जळका वास

पेठेतला_स्टुडिओ, रविवार रात्री ११:४०

मंडळी, नमस्कार. विषय जरा लांबडा आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय उत्तर कोण देणार, म्हणून सविस्तर लिहितो.

कोल्हापुरात मंगळवार पेठेत आमचा फोटो स्टुडिओ आहे. वडिलांनी काढला, आता मी चालवतो. २०१९ च्या पुरात शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीतल्या एका मावशींचा लग्नाचा अल्बम चिखलात गेला. पानं चिकटून नुसता लगदा झालेला, तो पिशवीत घालून त्या दुकानात आल्या. मालक वारलेले, घरात त्यांचा दुसरा एकही फोटो नाही. आमच्या माळ्यावरच्या पत्र्याच्या डब्यात वडिलांनी त्या लग्नाच्या निगेटिव्ह तारीख टाकून ठेवल्या होत्या, त्या सापडल्या. तेव्हापासून रोज रात्री जेवण झालं की मी माळ्यावरचा एकेक डबा उतरवतोय आणि कॉम्प्युटरवर चढवतोय: निगेटिव्ह, व्हीएचएस, मिनी डीव्ही. २०२१ ला परत पाणी आलं, परत माणसं आली. आज २० टीबी भरत आलंय, आणि ते सगळं लोकांचं आहे. म्हणून जीव टांगणीला लागलाय.

मशीन असं: चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह, १६ जीबी रॅम, बूटला एसएसडी, आणि साडेतीन इंची आठ डिस्क. वरच्या कप्प्यात ४ टीबीच्या चार, खालच्या कप्प्यात ८ टीबीच्या चार. झेडएफएस (सगळ्या डिस्क एकत्र बांधणारी फाइल सिस्टीम) आहे, चार-चारचे दोन रेड-झेड १ गट (गटातली एक डिस्क गेली तरी डेटा राहतो), एकाच पूलमध्ये, म्हणजे सगळी मिळून एकच साठवण. एसएमपीएस (मशीनचा पॉवर सप्लाय) ५५० वॉटचा, लेबलवर १२ व्होल्टला ४० अँपियर लिहिलंय. त्याला साटाच्या (डिस्कला पॉवर देणाऱ्या, चपट्या टोकाच्या) दोन वायरी आहेत, प्रत्येकीला तीन कनेक्टर, आणि मोलेक्सची (जुन्या पद्धतीची, चार पिनांची) एक वायर, तिलाही तीन. पहिल्या साटा वायरीवर वरच्या तीन डिस्क. चौथी डिस्क आणि एसएसडी मोलेक्सवरून, एकाचे दोन करणारा अ‍ॅडॉप्टर लावून. दुसरी साटा वायर खालच्या कप्प्यापर्यंत नीट पोचत नव्हती. तिचा शेवटचा कनेक्टर कसाबसा खाली यायचा, म्हणून त्याला एकाचे चार करणारा स्प्लिटर लावला आणि चारही ८ टीबीच्या डिस्क त्याच्यावर घेतल्या.

त्रास गेल्या पावसाळ्यापासून. लाईट गेली की इन्व्हर्टर घेतो, पण मशीन तेवढ्यात रिस्टार्ट होतं. परत सुरू होताना खालच्या कप्प्यातून टक्, टक् असा आवाज येतो, मोटर उचलायला बघते आणि सोडून देते. स्क्रीनवर सहाच डिस्क दिसतात. बंद करून मिनिटभरानं चालू केलं की बहुतेक वेळा आठही येतात. मी डिस्कवरच संशय घेत बसलो.

आज संध्याकाळी वास आला. झाकण काढून टॉर्च धरला तर स्प्लिटरच्या तोंडाशी, पिवळी वायर काळ्या प्लॅस्टिकमध्ये शिरते तिथं, अर्धा सेंटिमीटर पिवळा रंग चहासारखा तपकिरी झालाय. प्लॅस्टिक नखानं दाबलं तर नखाचा वण उमटला.

दुकानात विचारलं तर म्हणाले, आठ डिस्कला ५५० पुरत नाही, ८५० चा टाका. घरात एक जुना ४५० चा एसएमपीएसही पडलाय. त्याची हिरवी वायर काळीला जोडून (तसं केलं की तो बोर्डाशिवाय चालू होतो) खालच्या चार डिस्क त्याच्यावर टाकू का? नेमकं काय करू ते सांगा.

---

वायंडिंगवाला_उद्यमनगर, रविवार रात्री ११:५८

मशीन बंद कर भावा. हे वाचून झाल्यावर न्हाई, आत्ता उठून. प्लॅस्टिक मऊ पडलंय म्हंजे आतल्या पट्ट्या जागेवर असतील ह्याची खात्री न्हाई.

उद्यमनगरात आमचं मोटर वायंडिंगचं दुकान हाय. कॉम्प्युटरातलं मला बेताचंच कळतंय, पर डिस्कमध्ये बी मोटरच हाय, आणि मोटर उचलताना काय करंट खाती ते मी रोज मीटरवर बघतो. पाण्यातली मोटर डायरेक्ट चालू केली तर चालतानाच्या पाच-सहा पट ओढती. एकदा फिरायला लागली की गप पडती.

आता गावाकडचं चित्र डोळ्यासमोर आण. लाईट येती, ऑटो लावलेल्या सगळ्या पाण्याच्या मोटरी एका दमात उचलत्यात, आणि डीपीचा फ्यूज जातोय. त्याच मोटरी एकामागं एक चालू केल्या तर तीच डीपी दिवसभर ओढती. महावितरण ऑटो काढा, ऑटो काढा म्हणून सांगत असतंय ते त्यासाठीच. तुझ्या मशीनला बी ऑटो हाय का बघ. लाईट आली की आपोआप चालू होतंय न्हवं?

आणि जोडाचं सांगतो. घट्ट जोड थंड असतोय. ढिला पडला की गरम होतोय, गरम झाला की आणखी ढिला होतोय. चार डिस्क एकदम उचलल्या, धर ८ अँपियर, आणि जोडात नुसता ५० मिलिओहम रेझिस्टन्स आला, तर ८ गुणिले ८ गुणिले ०.०५, म्हंजे ३.२ वॉट. आकडा बारका वाटतोय. पर तांदळाच्या कणीएवढ्या पट्टीत ३ वॉट, ते बी प्रत्येक स्टार्टला. तुझी लाईट दिवसात किती वेळा जाती ते तूच मोज.

---

शिरोलीची_अ‍ॅडमिन, सोमवार सकाळी ७:१५

वरच्या दादांचं पहिलं वाक्य पाळलं असेल असं धरून लिहिते. शिरोली एमआयडीसीत एका कारखान्याचे सर्व्हर सांभाळते, असली जळकी टोकं मी हातात घेतली आहेत.

तुमचा ५५० वॉट पुरतो, आणि चांगला पुरतो. साडेतीन इंची डिस्क सुरू होताना १२ व्होल्टवर दीड ते दोन अँपियर घेते, काही सेकंदच. फिरायला लागली की अर्ध्या अँपियरच्या आसपास येते. ५ व्होल्टवर वेगळे अर्धा-पाऊण अँपियर, ते डिस्कवरच्या सर्किटसाठी. जास्तीचं धरू: आठ डिस्क, दोन-दोन अँपियर, १६ अँपियर, म्हणजे १९२ वॉट. ५ व्होल्टचे तीसेक वॉट मिळवा, बोर्ड आणि प्रोसेसरला सुरू होताना ६०-७० द्या. तीनशेच्या आत बसलं. एसएमपीएसवर १२ व्होल्टलाच ४० अँपियर आहेत.

अडलंय ते एका कनेक्टरवर. साटाच्या पॉवर कनेक्टरमध्ये १५ पट्ट्या असतात, त्यातल्या तीन १२ व्होल्टच्या. एका पट्टीची मर्यादा दीड अँपियर, तिन्ही मिळून साडेचार. म्हणजे एका साटा कनेक्टरवर फार तर दोन डिस्क, त्याही कटाकटी. तुम्ही चार टाकल्यात, स्टार्टला ८ अँपियर मागताय. तिथं व्होल्टेज खाली येतं, मोटर पूर्ण वेग घेऊ शकत नाही, डिस्क सोडून देते, परत प्रयत्न करते. तुमचा टक् टक् तोच असणार. १२ व्होल्टची रेल (पुरवठ्याची लाईन) वर-खाली ५ टक्के, म्हणजे ११.४ ते १२.६ मध्ये राहायला हवी, आणि तुमच्या खालच्या कप्प्यात ती राहत नसणार.

८५० बद्दल जरा सावध व्हा. शॉर्ट सर्किट झालं की एसएमपीएस स्वतः बंद होतो खरा, पण ४० अँपियरच्या रेलचं संरक्षण ४० च्याही वर काम करतं. स्प्लिटरच्या आत प्लॅस्टिक कोळसा होऊन १० अँपियर वाहायला लागले, तर तिथं १२० वॉट एका जागी जळतायत आणि एसएमपीएसला तो रोजचाच लोड वाटतो. मोठा घेतलात तर तो त्याहून जास्त सोसत बसेल. डीपीला जाड तार टाकल्यासारखं होईल ते.

आता वरचा अ‍ॅडॉप्टर, मोलेक्सवरून दोन साटा करणारा. तोही बघा. मोलेक्सच्या जाड गोल पिनांना दोन डिस्कचा करंट काहीच नाही, तिथं अडचण करंटची नसते. साटा टोक कसं बनवलंय ते बघायचं. काही टोकं अखंड ओतीव असतात: वायरी साच्यात ठेवून वरून गरम प्लॅस्टिक ओततात. ओतताना वायर सरकली की १२ व्होल्ट आणि शेजारची वायर यांच्यामध्ये कागदाएवढं प्लॅस्टिक उरतं. वर्ष-दोन वर्षं चालतं आणि एक दिवस पेटतं, डिस्कचा कनेक्टर सोबत घेऊन. दुसरा प्रकार दाबून बसवलेला: मागं उघडणारी टोपी असते, वायरी एका ओळीत दिसतात, पट्टी वायरीच्या कातड्यात रुतलेली असते. दुसराच घ्या, दहा-वीस रुपयांकडे बघू नका.

जुना एसएमपीएस हिरवी-काळी जोडून कायमचा लावू नका. दोनपैकी एक बंद पडला आणि दुसरा चालू राहिला, तर चालत्या पूलखालून चार डिस्क निघून जातील. तुमचा एक अख्खा गट एका स्प्लिटरवर होता हेही त्यातलंच. रेड-झेड १ एक डिस्क सोसतं. स्प्लिटर गेला की चार जातात.

दोन गोष्टी करून आकडे इथं टाका. एक, खालच्या डिस्क दुसऱ्या साटा वायरीच्या मूळ कनेक्टरवर सुट्या लावून प्रत्येकीचं स्मार्ट (डिस्क स्वतःच ठेवते ती तब्येतीची नोंद) वाचा: पॉवर सायकल काउंट (किती वेळा चालू झाली), रीअ‍ॅलोकेटेड सेक्टर (खराब निघून बदललेले भाग), पेंडिंग सेक्टर (संशयातले भाग), सीआरसी एरर (डेटा केबलवरच्या चुका). दोन, बायोसमध्ये लाईट आल्यावर काय करायचं ते सेटिंग काय आहे ते बघा. आणि हो, दुसरी प्रत कुठं आहे?

---

पेठेतला_स्टुडिओ, सोमवार रात्री १०:२०

दादा, रात्रीच बंद केलं. ताई, आभार मानायला शब्द पुरत नाहीत, आकडेच देतो.

डिस्क एकेक करून बाहेर काढल्या, टेबलावर वर्तमानपत्र टाकून त्यावर ठेवल्या. पॉवर सायकल वरच्या चारांचे १४८, १४८, १४९, १५१. खालच्या चारांचे २०३, २११, ३४०, ३६८. खालच्या डिस्क मी दीड वर्षानं नंतर घेतल्यात! म्हणजे मला न कळता त्या सारख्या बंद पडून उठत होत्या. पेंडिंग सगळीकडं शून्य. रीअ‍ॅलोकेटेड सात डिस्कवर शून्य, ३६८ वालीवर ८. सीआरसी शून्य.

बायोसमध्ये 'पॉवर आली की चालू' असंच होतं, मीच केलेलं, रात्री काम अडू नये म्हणून. दादांचा ऑटोच तो. काढला.

वरचा अ‍ॅडॉप्टरही ओतीवच निघाला. दिसायला अजून चांगला आहे, पण तोही काढून ठेवला.

दुसरी प्रत फक्त लग्नाच्या निगेटिव्हची आहे, बहिणीकडं गारगोटीला. व्हिडिओची नाही.

आता प्रश्न. मित्राकडं मॉड्युलर एसएमपीएसच्या (ज्याच्या वायरी दोन्ही टोकांनी सुट्या निघतात) लांब साटा वायरी पडून आहेत, नव्याकोऱ्या. त्याच आणून लावू का? लांबीचा प्रश्न सुटेल.

---

इचलकरंजी_सायझिंग, सोमवार रात्री १०:३१

लावू नका!! जेवता जेवता फोन बाजूला ठेवून टाईप करतोय.

मॉड्युलर वायरीचं डिस्ककडचं टोक सगळीकडं सारखं असतं. एसएमपीएसकडचं टोक ज्याचं त्याचं. कुठल्या भोकात १२, कुठल्या भोकात ५, ह्याला कसला नियम नाही, आणि एकाच कंपनीच्या दोन मॉडेलमध्येसुद्धा फरक सापडतो. टोक बसतं मात्र व्यवस्थित, खटकन. म्हणून माणूस फसतो.

मी बदलताना फक्त एसएमपीएस बदलला, वायरी जुन्याच ठेवल्या, कारण त्या कॅबिनेटमधून छान ओवलेल्या होत्या. चालू केलं. आवाज नाही, धूर नाही, काहीच नाही. पाचच्या जागी बारा गेले होते. दोन डिस्क गेल्या. सायझिंगचा तीन वर्षांचा हिशोब आणि मुलीचे बारशापासूनचे फोटो. डिस्कच्या पट्टीवर जास्त व्होल्टेज आलं की स्वतः शॉर्ट होऊन बाकीच्या सर्किटला वाचवणारा एक बारका डायोड असतो, तो जळाला असेल तर कधीकधी माल वाचतो. माझ्या एका डिस्कला त्यानं वाचवलं. दुसरीला नाही वाचवलं. बारशाचे फोटो दुसरीवर होते.

तुमचा एसएमपीएस मॉड्युलर नाही ते बरंच आहे, पण मित्राच्या वायरीची टोकं कापून जोडायचा विचार मनात आला असेल तर आधी मल्टिमीटर. डिस्क न लावता. पिवळी १२, लाल ५, नारिंगी ३.३, काळी शून्य. काही वायरी सगळ्याच काळ्या येतात, तेव्हा रंगावर जाताच येत नाही, मोजायचंच.

---

वायंडिंगवाला_उद्यमनगर, सोमवार रात्री १०:५०

इचलकरंजीच्या भावाचं वाचून वाईट वाटलं.

स्टुडिओवाल्या भावा, कापून जोडायचं झालं तर पीळ देऊन टेप गुंडाळू नको. कॅबिनेटमधल्या गरमीत टेपचा डिंक सुटतोय. दुकानावर ये, तांब्याची नळी दाबून वर हीट श्रिंक घालून देतो. वायर मूळच्या जाडीची पाहिजे. पर त्याआधी कप्पा वर घेता येतोय का बघ. वायर लांब करण्यापेक्षा डिस्क जवळ आणलेली बरी, जोड वाढत न्हाईत.

---

शिरोलीची_अ‍ॅडमिन, सोमवार रात्री ११:०५

पॉवर सायकलचे आकडे बोलके आहेत. डिस्क बऱ्याचशा सुटल्या म्हणायच्या. ३६८ वालीवर डोळा ठेवा, ८ वरून आकडा हलला की बदला, वाट बघू नका.

कप्पा वर घ्यायचं दादांचं बरोबर आहे. मग दुसऱ्या वायरीच्या तीन मूळ कनेक्टरवर तीन डिस्क थेट लागतील. प्रत्येक कनेक्टरमधून दोनच अँपियर जातील, मागच्या वायरीतून तिन्हीचे मिळून सहा, तेवढं ती वायर सोसते. उरलेल्या दोन डिस्क आणि एसएसडी मोलेक्सवर, दाबून बसवलेले दोन अ‍ॅडॉप्टर घेऊन. शक्य असेल तर एका वायरीवर एकाच गटाच्या तीन डिस्क ठेवू नका, दोन गटांच्या मिसळा. रेड-झेड १ असल्यानं त्यानं सगळंच साधणार नाही, पण पुढं रेड-झेड २ कराल तेव्हा ह्याच मांडणीचा उपयोग होईल.

पुढं डिस्क वाढवायच्या असतील तर एलएसआयसारखं एचबीए कार्ड (डिस्क जोडायचं वेगळं कार्ड) बघा. त्यात डिस्क एकामागून एक उठवता येतात, दादांच्या मोटरीसारख्या. साटा पॉवरची अकरावी पट्टी त्यासाठीच आहे: ती मोकळी असली की डिस्क हुकूम येईपर्यंत फिरत नाही. साध्या एसएमपीएसच्या वायरीत ती ग्राउंडला, म्हणजे काळ्या वायरीला, जोडलेली असते, म्हणून आठही एकदम उठतात. आठ डिस्कला आज त्याची गरज नाही.

आणि इन्व्हर्टरच्या मागं किंवा पुढं यूपीएस मोडचं बटण असतं, ते बघा. साध्या मोडमध्ये लाईट ते बॅटरी बदलायला जेवढा वेळ लागतो तेवढा एसएमपीएस तग धरत नाही, तो १५-२० मिलिसेकंदांचा धनी. यूपीएस मोडमध्ये बदल पटकन होतो.

---

पेठेतला_स्टुडिओ, शुक्रवार रात्री ९:१०

झालं. क्रमानं सांगतो.

खालचा कप्पा चार स्क्रूवर होता. वरच्या कप्प्याच्या पाठीला लागून बसला, मधे पंख्याला दोन बोटं जागा ठेवली. दुसरी वायर आरामात पोचते आता, ताण नाही. पहिल्या वायरीवर ४ टीबीच्या दोन आणि ८ ची एक, दुसरीवर ८ च्या दोन आणि ४ ची एक, मोलेक्सवर उरलेली एक-एक आणि एसएसडी. झेडएफएसनं डिस्क कुठल्या वायरीवर गेली ते विचारलंसुद्धा नाही, नाव ओळखून पूल उघडला.

दाबून बसवलेले अ‍ॅडॉप्टर इथं दोन दुकानांत मिळाले नाहीत, दोन्हीकडं ओतीवच दाखवत होते. तिसऱ्या ठिकाणी जुन्या सामानाच्या खोक्यात मिळाले. टोपी उघडून बघितली, वायरी सरळ ओळीत. डिस्क लावण्याआधी मल्टिमीटर लावून घेतला, इचलकरंजीच्या दादांची आठवण ठेवून.

रिकाम्या राहिलेल्या मोलेक्समध्ये प्रोब धरून ठेवले आणि बायकोला बटण दाबायला सांगितलं. आठही एकदम उचलल्या, एकच लांब हुंकार, टक् नाही. आकडा ११.८६ पर्यंत उतरला आणि १२.०८ वर येऊन थांबला. अर्ध्या तासानं प्रत्येक कनेक्टरवर बोट ठेवून बघितलं, सगळे गार.

इन्व्हर्टरचं बटण मागं होतं, सहा वर्षांत कधी हात लावला नव्हता. यूपीएसवर केलं. बुधवारी लाईट तीन वेळा गेली, मशीन एकदाही रिस्टार्ट झालं नाही.

स्क्रब (पूलमधला सगळा डेटा वाचून तपासणं) लावला होता, आज सकाळी संपला. दुरुस्ती शून्य, चुका शून्य. ३६८ वालीचा आकडा ८ वरच आहे, पण तिच्या जागी नवी मागवलीय. व्हिडिओची दुसरी प्रत कालपासून सुरू केली, भरेल तशी एकेक डिस्क गारगोटीला नेऊन ठेवतो. सुरुवात कुंभार गल्लीच्या फोल्डरपासून केली.

---

वायंडिंगवाला_उद्यमनगर, शुक्रवार रात्री ९:२५

लई भारी भावा. तो जळका तुकडा टाकू नको. दुकानात दोन नवी पोरं हायत, त्यास्नी उभा कापून आतली पट्टी दाखवायची हाय.

---

पेठेतला_स्टुडिओ, शुक्रवार रात्री ९:३०

डबीत घालून ठेवलाय, दादा. उद्या घेऊन येतो. दुकान किती वाजता उघडता?

---

वायंडिंगवाला_उद्यमनगर, शुक्रवार रात्री ९:३२

साडेनवाला. तो ओतीव अ‍ॅडॉप्टर बी आण, चांगला दिसतोय म्हणालास तो. तो बी कापून बघू.